मजलिसमधली दुसरी काठी

जुन्या वस्तू ओळखायचा मला नाद आहे. इथे आखातात, सनाबिसच्या आमच्या फ्लॅटमध्ये पाहुण्यांसाठी म्हणून एक खोली आहे, पण तिथे पाहुण्याला झोपायला जागा नाही. बंद पडलेली घड्याळं, पितळी होकायंत्रं, शाईची पेनं आणि भिंतीला टेकवलेले पूलचे जुने क्यू, म्हणजे चेंडू मारायच्या लांब काठ्या, यांनी ती भरून गेली आहे. बायको या सगळ्याला मिळून एकच शब्द वापरते, भंगार. मी एका बँकेत हिशेब तपासतो. दिवसभर लोकांच्या चुका काढायच्या आणि सुटीच्या दिवशी वस्तूंच्या काढायच्या, हा माझा स्वभावच आहे असं ती म्हणते. त्यात खोटं काही नाही. एखादी नकली वस्तू पकडता आली की मला त्या दिवशी दोन घास जास्त जातात.

क्यूचा नाद हूऱ्यातल्या एका पूल हॉलमुळे लागला. इथले इंग्रज साहेब लोक परत गेले तेव्हा सामान विकून गेले, आणि त्यातले क्यू अजूनही कुठल्या कुठल्या घरांतून निघतात. निघतात तेव्हा बहुतेकांवर पडदा अडकवलेला असतो, नाहीतर त्यांनी मांजरं हाकललेली असतात. असा एखादा क्यू हातात आला की तो कुठला, कधीचा, हाताने केलेला की मशीनवरचा, याचा छडा लावण्यात माझा अख्खा शुक्रवार जातो.

गेल्या गणपतीत इथल्या मराठी मंडळाच्या पंगतीत माझा हाच पट्टा सुरू होता. शेजारी ड्रायव्हरकाका बसले होते. काका मालवणकडचे. साठी ओलांडलेली, केस पांढरे, पण पाठ ताठ. रिफाच्या एका बंगल्यावर ते पंचवीस-तीस वर्षं गाडी चालवत होते. गणपतीला दरवर्षी सुटी घेऊन यायचे, मंडळाचे नारळ खोवून द्यायचे, आणि आरती झाली की कुणाच्या लक्षात न येता निघून जायचे. त्या दिवशी त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि वरणभात कालवता कालवता म्हणाले, "आमच्या बाबांकडेपण दोन आहेत. एक त्यांची, एक माझी."

बाबा म्हणजे त्यांचे मालक. इथे घरच्या वयस्कर धन्याला नोकरमाणसं बाबाच म्हणतात. ड्रायव्हरची स्वतःची काठी मालकाच्या घरात कशी, हे मला तेव्हा विचारायला सुचलं नाही. कोणीतरी जिलेबी वाढायला आलं आणि विषय तिथेच राहिला.

थंडीच्या दिवसांत काकांचा फोन आला. "साहेब, एक काठी दाखवायची होती. तुम्ही सांगू शकता म्हणाला होतात." शुक्रवारी सकाळी ते आले. फुलाफुलांच्या जुन्या चादरीत गुंडाळलेलं एक लांबोडकं बोचकं दोन्ही हातांवर आडवं धरून ते दारात उभे होते. सोफ्याच्या अगदी कडेला बसले. बायकोने पोहे दिले, ते त्यांनी तसेच बाजूला ठेवले. मग बोलायला लागले.

बाबा वारले होते. काका रजेवर गावी गेले असताना, पुतणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी. फोन आला तेव्हा मांडव घालून झाला होता. विमान पकडून निघाले असते तरी मातीला वेळेवर पोचले नसते, कारण त्यांच्यात दफन त्याच दिवशी होतं. रजा संपवून परत आले तर बंगला बदललेला. बाबांची मुलं आपापल्या घरी राहणारी, प्रत्येकाची गाडी वेगळी आणि चालवणाराही वेगळा. थोरल्या मुलाने जवळ बसवून सांगितलं, या महिन्याअखेर व्हिसा बंद करू, तुमचं जे असेल ते सगळं व्यवस्थित मिळेल, आणि बाबांची आठवण म्हणून मजलिसमधली कुठलीही एक वस्तू न्या. मजलिस म्हणजे त्यांच्याकडची पाहुण्यांना बसवायची मोठी खोली. काकांनी क्षणाचाही विचार न करता बाबांची पूलची काठी मागितली. मुलगा म्हणाला, अर्थातच. दोन दिवसांनी ते बोचकं बंगल्यावरच्या स्वयंपाक्याच्या हाती हूऱ्याला आलं. काका तोवर गाववाल्याच्या खोलीत राहायला गेले होते.

"दुपारची नमाज झाली की बाबा हाक मारायचे," काका सांगत होते. "गाडीचं काम नसलं की एक डाव खेळायचा. त्यांनीच शिकवलं मला. एवढी वर्षं खेळलो, पण मी त्यांना कधी हरवलं नाही."

"इतके चांगले खेळायचे?"

"खेळायचे बरे. पण निशाण सरळ जात नव्हतं त्यांचं. वय झालं होतं. मग मीपण चुकवायचो." काका जरासे हसले. "एकदा इतका चुकवला की बाबांनी मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. स्वतः बरोबर आले. नंबर काय निघाला नाय."

मी विचारलं, "मग अडचण काय आहे?"

अडचण अशी होती की मजलिसमधल्या दोन्ही काठ्या दिसायला सारख्या. दोन्हींच्या मुठी काळ्या, लांबी तेवढीच. भिंतीवरच्या खाचेत डावीकडे बाबांची, उजवीकडे काकांची. जागेवरून ओळखू यायच्या, आता जागाच गेली. बाबांनी आपली काठी काकांना कधी हातात घेऊ दिली नव्हती. एकदा खाली पडली म्हणून काका उचलायला वाकले, तर बाबांनी लगबगीने स्वतः उचलली. त्यामुळे तिचं वजन, तिची पकड काहीच काकांना ठाऊक नव्हतं. आलेली काठी हाताला अनोळखी, गुळगुळीत लागत होती, पण ती बाबांचीच म्हणावी एवढी खात्री त्यांना वाटेना. स्वयंपाक्याने कुठल्या खाचेतली आणली ते त्याला सांगता येत नव्हतं. बुधवारी काकांचं विमान होतं, कायमचं जाण्याचं.

"माझी आली असली तर काय उपयोग," काका म्हणाले. आणि मग, माझ्याशी इतका वेळ जपून पुस्तकी बोलणारा तो माणूस एकदम आपल्या बोलीत शिरला. "माका त्येंची व्हयी. त्येंचो हात लागलेलो आसा तिका. मयताक मी नाय होतंय ओ."

स्वयंपाकघरात बायकोने गॅस बंद केल्याचा आवाज आला. मी चादर सोडली.

आतून निघालेली वस्तू बघून माझं डोकंच फिरलं. क्यू आरशासारखा चमकत होता. ॲश नावाच्या झाडाच्या जुन्या लाकडाला हातांच्या घामाने, धुळीने, वर्षानुवर्षांच्या हवेने जो मधासारखा रंग येतो, तो या दांड्यावरून पार घासला गेला होता आणि त्यावर कसलंतरी मेण चोपडलेलं होतं. वास ओळखीचा होता, दर महिन्याला आमच्या गाडीचा येतो तोच.

"याला काय लावलंत तुम्ही?"

"पॉलिश," काका म्हणाले. "गाडीचं. चांगलं, महागातलं आहे. दोन हात दिले. धुळीने भरलेली होती साहेब, चादरीतून काढली तेव्हा. बाबांची वस्तू अशी कशी ठेवणार?"

मी बोललो. खूप बोललो. जुन्या वस्तूला कधी हात लावायचा नसतो, मळ म्हणजेच तिचा जन्माचा दाखला, तो तुम्ही घासून फेकलात, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण झालं, असं बरंच काही. काका मान खाली घालून ऐकत राहिले. हा माणूस एवढी वर्षं पहाटे उठून, मालक खाली उतरायच्या आत गाडी पुसत आला होता. कुणावर माया करायची म्हणजे त्याची वस्तू लख्ख पुसून ठेवायची, एवढंच त्याला माहीत होतं. पण हे मला नंतर सुचलं. त्या वेळी बायकोने आतून "चहा थंड होतोय" असं ज्या सुरात म्हटलं, त्याने मी गप्प झालो.

मग भिंग घेऊन बसलो. क्यू ओळखायचा तर मुठीकडून सुरुवात करायची. फिका दांडा आणि काळी मूठ जिथे एकमेकांत शिरतात, तो जोड बघायचा. मशीनवरच्या क्यूमध्ये काळ्या लाकडाची टोकं करवतीच्या दातांसारखी अणकुचीदार आणि चारही एका मापाची असतात. कारागिराने हाताने केलेल्या क्यूमध्ये ती वर जाऊन कमानीसारखी गोल संपतात, आणि चारांतलं एकतरी खाली-वर असतंच. माणसाचा हात आहे तो. इथे चारही कमानी होत्या, आणि एक चांगली करंगळीभर बुटकी होती. मुठीवर नावाची पट्टी बसवायची चौकोनी खाच होती. पट्टी गेली होती, पण खाच स्वच्छ कोरलेली होती. दांड्यावरच्या रेषा बाणाच्या टोकांसारख्या एकामागून एक, सगळ्या मुठीपासून दूर जाणाऱ्या. असं लाकूड निवडायला कारागीर दहा फळ्या बाजूला सारतो. जेवणाच्या टेबलावर क्यू लोळवून पाहिला. कुठे उसळला नाही, अडखळला नाही, एका सुरात घरंगळत गेला. इतक्या वर्षांत सुताएवढाही वाकला नव्हता.

राग कुठल्या कुठे गेला. असा क्यू माझ्या भिंतीला एकही टेकलेला नाही, हे मला पोटात दुखेपर्यंत जाणवलं.

"काका, हा अस्सल आहे. इंग्लंडात कोणीतरी हाताने केलेला. तिथे लिलावात याला तुमच्या चार पगारांएवढे आले असते. पॉलिशमुळे आता निम्मे येतील, तेही चांगलेच म्हणायचे."

"म्हणजे बाबांचीच?" त्यांचा चेहरा उजळला. "एवढी भारी म्हणजे त्यांचीच असणार."

"असणारच," मी म्हटलं. मालक भारी वस्तू स्वतःजवळ ठेवणार आणि साधीसुधी ड्रायव्हरला देणार, यात शंका घेण्यासारखं आम्हा दोघांनाही काही दिसलं नाही. काकांनी पोह्यांची बशी जवळ ओढली.

मी तिथेच थांबायला हवं होतं, पण हिशेब तपासणाऱ्याला सही करण्याआधी शेवटचं पान उलटल्याशिवाय चैन पडत नाही. मुठीच्या अगदी शेवटाला, मेणाच्या खाली, मला बारीक खळ्या दिसल्या. एकीशेजारी एक, ओळीने, कुठलीशी धातूची कड पुन्हा पुन्हा लागल्यासारख्या. मी विचारलं, "बाबा उजव्या हातात काही घालायचे? घड्याळ, अंगठी?"

"घड्याळ डाव्या हातात. अंगठी नाय." काका बोलता बोलता थांबले. त्यांनी आपल्या शर्टाची उजवी बाही वर सारली. मनगटात तांब्याचं कडं होतं, संधिवातावर म्हणून लोक घालतात तसलं, झिजून गुळगुळीत झालेलं. त्यांनी बशी खाली ठेवली, क्यू उचलला, आमच्या जेवणाच्या टेबलावर वाकून निशाण धरलं, आणि हात मागे नेऊन पुढे आणला. कडं मुठीला लागून टक् असा आवाज झाला. बरोबर त्या खळ्यांवर. हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणतात ते खरं.

क्यू त्यांनी हळूच चादरीवर ठेवला.

"माझीच ही," ते म्हणाले. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "लहानपणी मी खोताच्या घरी कामाला जायचो. पडवीच्या कोपऱ्यात एक कप असायचा, कान तुटलेला. तो माझा. चहा त्यांच्यासारखाच मिळायचा, दूध-साखर कमी नाय. पण कप वेगळा. बाबांनी पहिल्या दिवशी सांगितलं ना, ही तुझी काठी, ही माझी, माझीला हात लावायचा नाय, तेव्हाच मला कळलं. त्याचं वाईट नाय वाटलं. दुनिया तशीच आहे. पण आता जातानासुद्धा मला माझाच कप दिला त्यांनी."

बायको दाराशी येऊन उभी होती. आमच्या पुण्याच्या घरी मोलकरणीचा कप खिडकीत असायचा, त्यावर निळी फुलं होती. तिच्या माहेरीही असणार. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही ते बोलायचं टाळलं.

मी मात्र भलत्याच दिशेने पेटलो. ड्रायव्हरला दिलेली काठी अशी, तर मालकाची काय असेल? माझ्या डोळ्यांपुढे चांदीची पट्टी आणि चार कमानींच्या जागी आठ कमानी दिसू लागल्या. म्हटलं, "काका, उद्या आपण रिफाला जाऊ. मुलाला सांगू, अदलाबदल झाली आहे. तो नाही म्हणणार नाही."

"मेलेल्या माणसाच्या घरी जाऊन वस्तू बदलून मागायची? बरं दिसतं का ते?"

"तुम्ही मागितलेली वस्तू मिळालेली नाही. त्यात वाईट काय दिसायचंय?" मी ठासून म्हटलं. त्यात काकांबद्दलची कळकळ किती आणि माझा लोभ किती, ते मोजायचं मी टाळलं. बायको मला चांगली ओळखते. ती एवढंच म्हणाली, "जा. पण तिथे तुझं भिंग खिशातून काढू नकोस."

शनिवारी दुपारी आम्ही निघालो. क्यू चादरीसकट दोन सीटांच्या मधून मागे गेलेला होता. माझं गाडी चालवणं काकांना पसंत नसावं. तोंडाने ते काही बोलले नाहीत, पण त्यांचा उजवा पाय रिफापर्यंत हवेतला ब्रेक दाबत होता. मधूनमधून ते अरबीत काहीतरी पुटपुटत होते. मुलाशी काय बोलायचं त्याची तयारी चालली होती. एकदा मला म्हणाले, "यल्ला, परत फिरूया साहेब. जाऊ दे." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

थोरला मुलगा माझ्याच वयाचा निघाला, कुठल्याशा ऑफिसातून नुकता आलेला. काकांना पाहताच उठून पुढे आला आणि त्यांच्या खांद्यांना धरून त्याने त्यांच्या दोन्ही गालांना गाल लावले. आम्हाला मजलिसमध्ये बसवलं. खजूर पुढे केले, आणि थर्मासमधून बिनकानाच्या छोट्या कपांत स्वतः कॉफी ओतली. पहिला कप काकांना, दुसरा मला. काकांनी कप दोन्ही हातांत धरला आणि न पिता बसून राहिले. मग त्यांनी तयार केलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. मला त्यातलं बाबा आणि मफी, म्हणजे नाही, एवढंच कळलं. मुलाच्या कपाळाला आठ्या पडल्या. तो माझ्याकडे वळला आणि इंग्रजीत म्हणाला, त्यांना मी बाबांचाच क्यू पाठवला आहे, ते नाही असं का म्हणतायत? मी कड्याच्या खळ्या दाखवल्या. हा यांचा स्वतःचा खेळायचा क्यू आहे, यांना तुमच्या वडिलांचा हवा होता, एवढंच सांगितलं. भिंग खिशातच ठेवलं.

तो उठला आणि आम्हाला मजलिसच्याच आतल्या भागात घेऊन गेला. पूलच्या टेबलावर कापड घातलेलं होतं. भिंतीवर दोन खाचा, उजवीकडची रिकामी. डावीकडचा क्यू काढून त्याने काकांपुढे धरला. काकांचे हात आपोआप पाठीमागे गेले. एवढ्या वर्षांची सवय होती. मुलाने थोडं थांबून तो माझ्याकडे दिला.

मला भिंगाची गरजच पडली नाही. काळी टोकं अणकुचीदार, चारही मोजून सारखी. मुठीवर खेळांच्या दुकानातला स्टिकर काढल्याचा चिकट चौकोन. कापड बाजूला करून मी तो टेबलावर लोळवला, तर टोक टप् टप् करत वरखाली उसळायला लागलं. वाकडा होता. साधासुधा नाही, चांगलाच वाकडा. अशा काठीने चेंडू नेमका मारायचा म्हणजे आधी काठीची खोड मनात वजा करावी लागते, मग निशाण धरायचं. आठ कमानींची आस धरून आलेला मी त्या टेबलापाशी मूर्खासारखा उभा राहिलो.

मुलाच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण डोळे भरून आले होते. तो सांगायला लागला. इंग्रज साहेबाकडून बाबांनी टेबल घेतलं तेव्हा त्याबरोबर दोन क्यू आले होते, एकाच हातचे. त्यातला एक या मुलानेच लहानपणी हॉकी खेळून मोडला. मग जोडीला म्हणून बाजारातून हा आणला, आणि तो वर्षभरात वाकला. बाबा म्हणाले, चालेल. चांगला आहे तो पाहुण्यासाठी. मजलिसमध्ये येणाऱ्याला घरातलं सगळ्यात चांगलं द्यायचं, हा त्यांचा कायदा होता. स्वतःच्या मुलांना त्यांनी तो चांगला क्यू कधी हातात घेऊ दिला नाही. "यांनी बाबांचा क्यू मागितला," मुलगा म्हणाला, "म्हणून मी बाबांचा क्यू पाठवला. त्यांनी जपला तो तोच. हा तर नुसता त्यांच्या वाट्याला उरलेला."

मी विचारलं, मग याला हात का लावू देत नव्हते? तो म्हणाला, एकदा हातात घेतला असता तर यांना वाकडा आहे हे कळलं असतं. मग हे चांगला क्यू परत हातात धरणार होते का? तुम्ही यांना ओळखत नाही.

हे सगळं इंग्रजीत चाललं होतं. काका एकदा त्याच्या तोंडाकडे, एकदा माझ्या तोंडाकडे बघत होते. मला मराठीत सांगायचं होतं आणि पहिल्यांदाच वाटलं, हे सांगायला आपण लायक माणूस नाही. तरी सांगितलं. भारी होती ती तुमची, वाकडी ती त्यांची. चांगली पाहुण्याला द्यायची, अशी त्यांची पद्धत होती.

"कोण पाहुणा?" काकांनी विचारलं.

"तुम्ही."

"मी ड्रायव्हर," ते म्हणाले. मी चुकलो असेन, तर मला सुधारावं म्हणून.

मग बहुधा त्यांना ते हळूहळू उमगत गेलं असावं. ते टेबलाच्या कडेला टेकले. मुलाला त्यांनी अरबीत काही विचारलं, तुटक तुटक, आणि मुलगा मोठ्याने हसला. काका माझ्याकडे वळले. "मी त्याला सांगितलं, बाबांचं निशाण सरळ जात नव्हतं म्हणून मी मुद्दाम चुकवायचो. तर तो म्हणतो, बाबा घरी जेवताना काळजी करायचे. म्हणायचे, एवढी चांगली काठी हातात आहे आणि तरी हा चुकतो, याच्या डोळ्यांना नक्की काहीतरी झालंय." ते पुन्हा आपल्या बोलीत शिरले. "माका वाटला, गाडी चलवतंय म्हणून नेल्यानी डाक्टराकडे."

मुलगा म्हणाला, दोन्ही घेऊन जा. त्याने वाकडा क्यू पुन्हा काकांपुढे धरला. आता काकांचे हात मागे गेले नाहीत, पण त्यांनी मान हलवली. "ती हयच रवांदे," ते मराठीत म्हणाले आणि मग तेच अरबीत सांगितलं. त्यांची काठी त्यांच्या जागेवर असू दे.

आणि तरीही त्यांनी ती हातात घेतली. पहिल्यांदाच. वजन पाहिलं, डोळ्यापुढे धरून तिचा वाक पाहिला, त्या वाकावरून बोट फिरवलं. टोकाच्या पितळी टोपीजवळ खडूची निळी पूड साचली होती. मुठीवर, बाबांचा हात जिथे पडायचा तिथे, दाट काळपट मळ होता, न घासलेला. म्हणजे त्यांना हवा होता तो हात इथे होता.

काकांनी खिशातून पिवळं फडकं काढलं. गाडी पुसायचं, घडी घातलेलं, स्वच्छ धुतलेलं. नोकरी संपली होती, पण फडकं खिशात होतंच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कालचं माझं सगळं बोलणं त्यांच्या डोळ्यांत होतं, मळ म्हणजे जन्माचा दाखला आणि काय काय. मुलगाही माझ्याकडे बघायला लागला, कारण काका कशासाठी थांबलेत ते त्याला कळेना.

क्यू लांब असल्यामुळे त्यांना एकट्याने नीट पुसता येत नव्हता, म्हणून मी पुढे होऊन त्याचं दुसरं टोक धरलं.